गिलाव्याखालची सही

दि. ६ फेब्रुवारी

चि. ओळंबा यास,
अ. आ. वि. वि.

ज्यानं वीट उचलली नाही त्यानं भिंतीवर लिहू नये, असं बाबा मला एकदा म्हणाले होते. मी तेव्हा आठ वर्षांची होते. आपल्या मागच्या खोलीला गिलावा करायचा होता, आणि बाबांनी रिवाजाप्रमाणे उघड्या विटांवर लाल पेन्सिलीनं आत काय काय दडलंय ते लिहून ठेवलं होतं. मला खाली माझं नाव लिहायचं होतं. तू पाच वर्षांचा, पण एक वीट पोटाशी धरून धापा टाकत आला होतास, म्हणून पेन्सिल तुला मिळाली, तू एक वाकडी रेघ ओढलीस आणि तेव्हापासून चेष्टेनं घरचा ओळंबा झालास. मी रुसून आत जाऊन वहीत लिहायला बसले. बसले ती अजून उठलेलीच नाही. आता लोकांच्या बांधकामाचे करार वाचते आणि त्यांच्या भांडणांवर माझं घर चालतं.

काल फोनवर तू इतका तापला होतास की मला जेमतेम एवढंच कळलं: दातांच्या दवाखान्याची इमारत बांधून झाली, डॉक्टरीणबाई तिथे पेशंटही तपासू लागल्या, आणि पाया जादा खोल घ्यावा लागला त्याचे पैसे द्यायला त्यांचा भाचा तयार नाही. बाकीचं सगळं तू शिव्यांत गुंडाळलंस. तेव्हा आता फोन बंद. मला पत्र लिही. कधी काय ठरलं, समोर कोण होतं, सगळं तारखांसकट. फोनवरचं बोलणं हवेत जातं आणि हवेवर मला काही करता येत नाही.

आणि एक. बसवलेले दरवाजे उचलून आणीन म्हणत होतास, ते पुन्हा तोंडातून काढू नकोस. आज चूक त्यांच्या पदरात आहे. तू एक बिजागरी जरी सैल केलीस तर ती तुझ्या पदरात येईल.

तुझ्या बायकोनं पाठवलेला स्वेटर अगदी मापात बसला. तिच्यावर माझा जीव आहे हे तिला सांग, तुझ्यावर आहे की नाही ते उत्तर किती लांबीचं येतं त्यावर ठरवीन.

तुझी
ताई

———

दि. १२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी टेबलाशी पेन घेऊन बसलो तर घरातले एकेक करून बघून गेले. मुलीनं आईला विचारलं की बाबांना बरं नाही का.

तर ऐक. चार ऑगस्टला पाया खणताना खाली भुसभुशीत माती लागली. मी काम थांबवून डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या तशाच हातमोजे घालून आल्या, खड्ड्यात वाकून बघितलं आणि म्हणाल्या की हलणाऱ्या दातावर टोपी बसवण्यात अर्थ नाही, खोल जा. आम्ही खोल गेलो. पुढे अकरा नोव्हेंबरला गिलाव्याच्या आधी मी बाबांच्या रीतीनं भिंतीवर लिहिलं: पाया किती जादा घेतला, कुठल्या तारखेला. बाईंनी खाली सही केली. मग बाबा घासायचे तशी त्यावर मेणबत्ती घासली, आणि गिलावा केला. सही त्यांच्या पेशंट थांबतात त्या बाकड्यांच्या खोलीत आहे, खिडकीसमोरच्या भिंतीत, पाऊण इंच आत.

फोटो का काढला नाहीस हे विचारू नकोस. बाबांनी कधी काढला होता?

भाचा कागद मागतो. तो बाईंचे हिशेब बघतो आणि करार त्याला तोंडपाठ आहे. कलम अकरा: जादा कामाला मालकाचा लेखी होकार हवा, नाहीतर पैसे नाहीत. बाईंना सही केल्याचं आठवत नाही. त्या खोटं बोलत नाहीत गं, दिवसाला चाळीस चिठ्ठ्यांवर सही करतात. पण पूर्ण बिलाचा पाचवा हिस्सा अडकला आहे आणि माझ्या सहा गवंड्यांची शेवटच्या महिन्याची मजुरी त्यात आहे. झोप लागते, पण उशिरा.

पत्र मोजून बघ, दीड पान आहे. आता तरी माझ्यावर जीव लाव.

तुझा
ओळंबा

———

दि. १९ फेब्रुवारी

चि. ओळंबा यास,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी ऑफिसात एकटीच हसले. माझ्याकडे करार हरवलेले लोक येतात, करार न वाचता सही केलेले येतात. मालकाची सही घेऊन तीच स्वतःच्या हातानं लिंपून टाकणारा माणूस आपल्याच घरात निघावा!

आता कामाचं. कलम अकरा मी तीनदा वाचलं. तिथे लेखी होकार असं आहे, कागद हा शब्द कुठेही नाही. विटेवर पेन्सिलीनं लिहिलेलंही लेखीच, असं मी कुणासमोरही मांडायला तयार आहे. शेवटच्या पानावर असंही आहे की वाद झाला तर दोघांना मान्य असा एक जाणकार लवाद म्हणून नेमायचा आणि त्यानं साठ दिवसांत निकाल द्यायचा. त्यासाठी बिल नाकारल्यापासून तीस दिवसांच्या आत नोटीस जायला हवी. मसुदा सोबत ठेवला आहे. एक शब्दही न बदलता नक्कल कर, सही कर, पोस्टाची पावती जपून ठेव. भिंतीत नको, कपाटात.

लवादासमोर मी येणार नाही. बहीण बोलायला लागली की मुद्दा कुणी ऐकत नाही. पण मांडायला फार काही नाहीच. त्या जागी वीतभर गिलावा काढायचा, सही दाखवायची, झालं.

घरात सगळ्यांना माझी आठवण सांग आणि तूही काढत जा.

तुझी
ताई

———

दि. २ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नोटीस गेली, लवाद नेमला. निवृत्त इंजिनिअर आहेत, कमी बोलणारे. बूट बाहेर काढून आत आले तेव्हाच मला आवडले. त्यांनीही तेच म्हटलं: वीतभर गिलावा काढा.

मी नाही म्हणालो.

रागावू नकोस. ती भिंत खिडकीसमोर आहे. दुपारनंतर तिरका उजेड पडतो तेव्हा चांगल्या चांगल्या भिंतींवर लाटा दिसतात. हिच्यावर एक नाही. मी तिथे कुणाला थापी धरू दिली नाही, दीड दिवस एकट्यानं केली. वीतभर काढून परत भरली तर चौकोन जन्मभर दिसत राहणार. दातदुखीनं बसलेला माणूस दुसरं काय बघणार? समोरचं ठिगळच.

भाचा हसून म्हणाला की म्हणजे सही नाहीच. इंजिनिअरसाहेबांनी काही लिहून घेतलं आणि पंधरा तारखेला पुन्हा बसू म्हणाले.

गवंड्यांची मजुरी मी बँकेतली ठेव मोडून दिली, त्यांची काळजी करू नकोस. आमची थोडी केलीस तर चालेल. तू म्हणशील हा हट्ट आहे. असेल. बाबा असते तर त्यांनी काढू दिला असता का, एवढंच सांग.

तुझा
ओळंबा

———

दि. १६ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे लिहिणार नाहीत म्हणून मी लिहिते. माझी दाढ खरंच दुखत होती, हे आधी सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही म्हणाल मी मुद्दाम गेले. तोंड उघडं असताना काही बोलता येत नाही, पण कापूस काढल्यावर मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. भिंत, मेणबत्ती, आणि सहीवर पाणी सोडून गिलावा वाचवणारा माझा नवरा. त्या उठून बाहेर बाकड्यांच्या खोलीत गेल्या आणि भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या की भिंत त्यांची आहे, तेव्हा पेशंटही त्यांचाच.

काल सगळे जमले. बाईंनी तोंडाला मास्क बांधला, आपली बारीक हत्यारं मांडली, आणि ह्यांना म्हणाल्या की अजिबात दुखणार नाही, बाहेर जाऊन बसा. हे खरंच बाहेर गेले हो. पायरीवर पाठ करून बसले. इंजिनिअरसाहेबांनी दिवा धरला. बाईंनी आधी चौकोन आखला, मग कडा इतक्या सरळ कापल्या की पुढे ह्यांनी सुद्धा त्यांवर बोट फिरवून बघितलं. मेणामुळे आतला तुकडा अख्खा सुटून आला. खाली ह्यांची लाल अक्षरं, अगदी मामंजींच्या वळणाची: पाया जादा तीन फूट, पश्चिमेचा कोपरा चार, पुढे तारीख. आणि बाईंची सही, चिठ्ठीवर असते तशीच, वाचता न येणारी. त्या इतक्या हसल्या की मास्क सुटला. भाच्यानं चष्मा पुसला, घातला, परत पुसला.

मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी येऊन वाचलं आणि चेहरा पडला. बिलात सगळीकडे चार फूट लावले होते, लक्षात तेवढा कोपराच राहिला होता! कुणाच्या ध्यानात येण्याआधी ह्यांनीच इंजिनिअरसाहेबांना सांगितलं की बिल चुकलंय, माझं कमी करा. त्यानंतर भाच्यानं वाद सोडला. ह्यांच्यासाठी चहाही त्यानंच आणला.

दाढ काढावी लागली. त्याचे पैसे बाईंनी घेतले, मीही दिले. उगाच नवा वाद नको.

माया आहेच, ती वाढवत राहा.

तुमची
भावजय

———

दि. २९ मार्च

चि. ओळंबा यास,
अ. आ. वि. वि.

निकालाची नक्कल पोचली. दोनदा वाचली, दुसऱ्यांदा नुसत्या आनंदासाठी. इंजिनिअरसाहेबांनी लिहिलंय की मालकाच्या सहीचा मजकूर विटेवर असला तरी तो लेखीच, आणि मालकानं स्वतः उघडून दाखवल्यावर आणखी पुरावा नको. मोजमाप भिंतीचं धरायचं, बिलाचं नाही. एकवीस दिवसांत पैसे, लवादाची फी निम्मी निम्मी. इतक्या वर्षांत मी यापेक्षा लांब निकाल पुष्कळ पाहिले, शहाणा एखादाच.

तू विचारलं होतंस की बाबा असते तर काय केलं असतं. मी उत्तर दिलं नाही, कारण मला माहीत नव्हतं. अजूनही नाही. पण तू चूक स्वतःहून सांगितलीस, तशी त्यांनीही नक्की सांगितली असती, आणि नंतर घरी येऊन दोन दिवस चिडचिड केली असती. तुझी बायको म्हणते की तूही करतो आहेस. करून घे.

पुढच्या कामात भिंतीवर लिही, मेण लाव, सगळं कर. फक्त त्याच्या आधी कागदावरही लिही. बाबांचा अपमान होत नाही त्यानं. त्यांची एक मुलगी कागदावरच जगली आहे.

सगळ्यांना आशीर्वाद, आणि वाटणीत तुला थोडा जास्त.

तुझी
ताई

ता. क. पुढच्या शनिवारी तू तो चौकोन बुजवणार असं कळलं. मी पहिल्या गाडीनं येते. वीट मी अजूनही उचललेली नाही. उचललं ते कलम अकरा, आणि ते काही जड नव्हतं. तरीही, गिलाव्याचा माल लावण्याआधी, त्या दोन ओळींच्या खाली जरा जागा असेल तर, ती लाल पेन्सिल एकदा माझ्या हातात देशील का? तू नाहीच म्हणशील, आणि अगदी बाबांच्या आवाजात म्हणशील, हे मला ठाऊक आहे.