घंटागाडीचं अर्धं गाणं

बोरधडी, ता. दिग्रस
बुधवार, २९ जानेवारी २०२५

आज सहाला उठलो. नळ आला होता, पाणी भरलं. शेतात जाऊन तूर बघून आलो. दहापासून कापसाच्या खोलीत बसलो. काम नव्हतं, तरी बसलो. दीडला जेवलो. आत्ता अडीच वाजले आहेत.

ती. मामाजींना सलीलचा नमस्कार. तुमची साखर आटोक्यात असेल आणि थंडी ओसरल्यावर मामींचा गुडघा थोडंफार ऐकत असेल, असं धरून पुढे लिहितो. (नसेल, तर हे पत्र आधी मामींना द्या. त्यांना हसू आलं की मग तुम्ही वाचा.) मी बरा आहे. भाकरी जमते, पोळी अजून जमत नाही. झोप येते का, असं तुम्ही प्रत्येक फोनवर विचारता, येते.

फोन न करता पत्र लिहितोय, त्याला कारण आहे. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ‘हो’ म्हणतो. माझं ‘हो’ म्हणजे ‘ऐकतोय’ एवढंच, हे आईला माहीत होतं. तुम्ही त्याचा अर्थ ‘कबूल’ असा घेता आणि मागच्या महिन्यात अशाच चार-पाच ‘हो’वर पुसदच्या पतसंस्थेतली माझी नोकरी पक्की झाली. दहा फेब्रुवारीला रुजू व्हायचं, त्याआधी घरातला कापूस विकायचा, घराला कुलूप लावायचं आणि किल्ली भजनी मंडळाच्या वामनरावांकडे द्यायची. सगळं ठरलं आणि मी फोन ठेवल्यावर हिशेब लावत बसलो की यातलं मी नक्की काय बोललो. कागदावर तुम्हाला मला मधे थांबवता येणार नाही. म्हणून लिहून सांगतो : मी ती नोकरी घेणार नाही. जे काम सुरू केलं आहे तेच करणार, इथेच करणार. तुम्ही माझ्यासाठी तिथे शब्द टाकलात, चार वेळा उन्हातून गेलात, याची मला जाणीव आहे. तरीही नाही.

दिवाळीत आईच्या तेराव्याला तुम्ही सगळ्यांसमोर विचारलं होतं की, गाणं तू म्हणत नाहीस, पेटी तू वाजवत नाहीस, मग तू करतोस काय? तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता सुचलं आहे. गाणाऱ्याचा आवाज वेगळा घेतलेला असतो, ढोलकी वेगळी, पेटी वेगळी. प्रत्येकाला वाटतं आपणच मोठ्यानं ऐकू यावं. त्या सगळ्यांना एका गाण्यात भांडण न होता बसवायचं, कोणाला थोडं पुढे, कोणाला थोडं मागे, हे माझं काम. तुम्ही तहसिलीत तीस वर्षं हेच केलंत, फक्त तुमच्याकडे माणसं होती आणि माझ्याकडे त्यांचे नुसते आवाज आहेत. (हे काम सोपं असायला हवं होतं. का नाही, ते पुढे येतंच.)

आता कापसाबद्दल. तुम्ही म्हणता, भाव बरा आहे, विकून मोकळा हो. मामाजी, तो कापूस सध्या कामावर आहे. पुण्याला ज्या स्टुडिओत मी सहा वर्षं होतो, तिथं आवाज भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून भिंतींना महागडा फोम लावला होता. आपल्या मधल्या खोलीत तीन बाजूंनी छातीएवढा कापूस आहे. त्या खोलीत टाळी वाजवली तर ती जागच्या जागी संपते. असं मी पुण्यातही ऐकलं नव्हतं. एकच अडचण आहे. घरात साठवलेल्या कापसाची खाज कशी सुटते, ते तुम्हाला सांगायला नको. त्या खोलीत गाणं म्हणताना वामनरावांनी दुसऱ्या कडव्यात एक हरकत घेतली आहे, जाणकार माणूस ऐकून मान डोलवेल अशी. ती हरकत नव्हती. त्यांचा हात पाठीला पुरत नव्हता. (आणि दुसरं एक कारण आहे, तेही लिहून टाकतो. तो कापूस आईनं जूनमध्ये लावला आणि घरी आला तेव्हा ती नव्हती. अजून काही दिवस तो घरात असू दे.)

तर पहिलं काम कसं मिळालं आणि त्याचं काय झालं, ते ऐका. दुसऱ्या कोणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं, कारण ते आर्णीपर्यंत पोचलं आहे आणि उमरखेडला यायला फार दिवस लागणार नाहीत. आमच्या सरपंच विमलताईंनी ग्रामपंचायतीसाठी घंटागाडी घेतली, आणि इतर गावांतल्या गाड्यांवर वाजतं ते उसनं गाणं नको, आपल्या गावाचं आपल्या माणसांच्या आवाजात हवं, असं ठरवलं. शाळेच्या गुरुजींनी सवाल-जवाब लिहून दिला. त्यातला नवरा आळशी आणि बायको शहाणी. नवरा विचारतो, ‘कचरा भरला घरात राणी, नालीत टाकू का?’ बायको म्हणते, ‘नालीत नको हो, गाडी आली, गाडीत टाका!’ मग तो विचारतो, ‘शेजाऱ्याच्या भिंतीपाशी हळूच टाकू का?’ ती पुन्हा त्याला झाडते. असे पाच सवाल आणि पाच जवाब. नवऱ्यासाठी भजनी मंडळाचे वामनराव आणि बायकोसाठी बचत गटाच्या रुखमाबाई, ज्यांनी घरून हाक मारली तर शेतातली माणसं जेवायला येतात.

दोघांचे आवाज मी वेगवेगळ्या दिवशी घेतले (एकाच दिवशी दोघांना खाजवायला लावणं बरं दिसलं नसतं) आणि आठ दिवस बसून गाणं बसवलं. त्यात एक खुबी केली. नवरा डाव्या बाजूला ठेवला, बायको उजव्या बाजूला आणि ढोलकी मधे, म्हणजे दोन्हीकडे. हेडफोन लावून ऐकलं तर दोघं अंगणाच्या दोन टोकांना उभे राहून भांडताहेत असं वाटे. मला स्वतःला ते फार आवडलं. माझ्या दोन्ही स्पीकरवर ऐकलं, लॅपटॉपवर ऐकलं, विमलताईंच्या गाडीत बसून ऐकलं. ज्या भोंग्यावर ते वाजणार होतं, त्या एका भोंग्यावर तेवढं ऐकलं नाही. लोक ज्यावर ऐकणार त्यावर आपण आधी ऐकायचं, हा या धंद्यातला पहिला नियम. पुण्यात नवीन आलेल्यांना तो मीच शिकवत असे.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, गाडीला फुगे बांधले, विमलताईंनी नारळ फोडला. गाडी चालवायला शाम नावाचा माणूस ठेवला आहे, भला आहे. त्यानं बटण दाबलं. भोंग्याच्या दोन वायरींपैकी एकच जोडलेली होती, डाव्या बाजूचा आवाज नेणारी. दुसरी शामनं गाडीचं झाकण बांधायला घेतली होती. झाकण मजबूत बसलं होतं, हे कबूल करायला हवं.

गावाला जे ऐकू आलं ते असं : वामनराव खड्या आवाजात विचारताहेत, ‘नालीत टाकू का?’ मग नुसती ढोलकी. ‘शेजाऱ्याच्या भिंतीपाशी हळूच टाकू का?’ पुन्हा ढोलकी. ‘शाळेच्या मागं फेकून देऊ का?’ ढोलकी. जवाब नाहीच. रुखमाबाई उजव्या वायरीत झाकण धरून बसल्या होत्या.

गाडी थांबवा म्हणून ओरडायला मी तोंड उघडलं, पण तुम्हाला माझा आवाज माहीत आहे. गाडी पहिल्या गल्लीत वळली तेव्हा लोक दारात येऊन ऐकत होते. दुसऱ्या गल्लीत जवाब यायला लागले. ढोलकी बरोब्बर दोन ओळींची जागा सोडत होती, तेवढ्यात ‘टाक ना बे, कोन अडवते तुले!’ आरामात बसतं. तिसऱ्या गल्लीत पोरासोरांनी त्याला चाल लावली. त्या दिवशी दुपारी नाली खरोखरच तुंबली, आणि पानठेल्यावरच्या पिंटूला विचारलं तर तो म्हणाला, ‘पंचायतीनंच इचारलं, आमी हो म्हटलं.’

चौथ्या गल्लीत रामरावांचं घर. वामनराव आणि रामराव यांच्यात मधल्या भिंतीवरून नऊ वर्षांचा वाद आहे, तंटामुक्तीवाल्यांनीही हात टेकलेत. गाडी नेमकी त्यांच्या दारात आली आणि भोंग्यातून वामनरावांच्या आवाजात, खाजेच्या हरकतीसकट, शेजाऱ्याच्या भिंतीचा सवाल बाहेर पडला. रामराव टॉवेलवर बाहेर आले. ‘आयका! आयका सारे! याच्या पोटात नऊ वर्सं काय होतं, ते आज सरकारी भोंग्यातून निंगालं!’ वामनराव म्हणाले, गाणं आहे ते. रामराव म्हणाले, ‘गानं हाय तं जवाब कुठी हाय?’ या प्रश्नाला गावात फक्त माझ्याकडे उत्तर होतं, आणि मी तेव्हा पिंपळामागे होतो.

संध्याकाळी विमलताईंनी सगळ्यांना आमच्याकडेच बोलावलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘सलील, लोक मले इचारून राह्यले, ताई, नालीत टाकाचं का नाही, ते पंचायतीनं एकदाचं ठरवा.’ रुखमाबाई मात्र कापसावर बसून होत्या, आणि त्याही पदर डोळ्याला लावून. ‘आर्णीवून बहीन बलावली म्या आयकाले. माहाच आवाज काहून कापला रे बाबू? मी का बेसूर हाओ?’ मी म्हटलं, कापलेला नाही, आहे, उजवीकडे आहे. आणि पुरावा म्हणून इअरफोनचं एक टोक त्यांच्या कानात घातलं आणि दुसरं वामनरावांच्या. घाईत रुखमाबाईंना डावं टोक गेलं. त्यांनी अख्खं गाणं शांतपणे ऐकलं, त्यात नुसते वामनराव होते. ऐकून माझ्याकडे जे बघितलं, ते मी विसरणार नाही. शेवटी मोठा हेडफोन काढून रामरावांच्या दोन्ही कानांवर चढवला. त्यांनी डोळे मिटले. दोनदा हसले. काढून ठेवला आणि म्हणाले, ‘मस्त हाय. जवाबही हाय. पन बापू, गावाले दोन कान कुठून आनतं? गावाले एकच भोंगा हाय.’ पुण्यात मला कोणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. ते वाक्य मी खडूनं दारामागे लिहून ठेवलं आहे.

तर दुरुस्ती दहा मिनिटांची होती. दोघांना मधे आणलं, शामनं झाकणाला सुतळी लावली. पण वामनरावांनी ऐकलं नाही. गावात जाईल तिथं पोरं विचारतात, आजोबा, टाकू का? परवा ते आले आणि म्हणाले, ‘पुसून टाक. माह्यासमोर पुस.’ मी त्यांचा आवाज पुसला. मग म्हणाले, कॉम्प्युटरात एक कचऱ्याची पेटी असते म्हणे, तीपन रिकामी कर. तीही केली. (मामाजी, एवढ्या गडबडीत माझ्या गाण्यातला एवढाच कचरा योग्य जागी गेला.) आता विमलताईंनी मंगळवारपर्यंत मुदत दिली आहे. तोवर पुरं गाणं झालं नाही, तर उसनं गाणं लावणार. ते लागलं की झालं. रोज सकाळी गावाला आठवण होईल की सलीलचं जमलं नाही. पुढच्या दोन गावांचे सरपंच ऐकायला येणार होते, तेही येणार नाहीत. मग पुसद आहेच.

पण तसं होऊ देणार नाही. एक चूक झाली, ती मला कळली, आणि ती पुन्हा होणार नाही. आणखी एक सांगायचं आहे. त्या दिवशी सगळे गेल्यावर मला हसू आलं. रामराव टॉवेलवर, शामचं झाकण, सगळंच. दिवाळीपासून पहिल्यांदा आलं आणि थांबेना. हे सांगायला म्हणून मी उठून स्वयंपाकघरापर्यंत गेलो. तिथून परत आलो. तीन दिवस कोणाला सांगावं ते कळेना. म्हणून तुम्हाला लिहिलं.

पतसंस्थेत माझ्या वतीनं माफी मागा. मला समजवायला येऊ नका, माझा विचार बदलणार नाही.

तुमचा,
सलील

ता. क. : वर ‘येऊ नका’ लिहिलं आहे, ते समजवण्यापुरतं. एरवी या. रविवारी सकाळची गाडी धरलीत तर पुसदला बदलून अकरापर्यंत पोचाल. नवऱ्याचा आवाज हवा आहे. गावातला एकही पुरुष तयार नाही. मी स्वतः म्हणून पाहिलं, तर विमलताई म्हणाल्या, याच्या घरचा कचरा घरातच राहील. आई नेहमी म्हणायची, माझ्या भावाचा गळा तहसिलीत वाया गेला. तुम्ही आंघोळीला बसलात की ती परातीतलं पीठ मळणं थांबवून ऐकत असे, हे तुम्हाला तिनं कधी सांगितलं नसणार. पाच ओळी आहेत. ‘नालीत टाकू का’ मधल्या ‘का’वर थोडं थांबायचं, बाकी सोपं.

ता. क. २ : तुम्हाला इथं फारसं कोणी ओळखत नाही, हे खरं तर लिहिणार होतो. विमलताईंना मी तुमचं नाव, हुद्दा आणि येण्याची वेळ सांगून बसलो आहे. रुखमाबाईंनी आर्णीच्या बहिणीला पुन्हा बोलावलं आहे. अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, खाज कमी लागते.

ता. क. ३ : शामचा मेहुणा उद्या उमरखेडला जातोय, त्याच्या हाती हे पाठवतो. येणार नसाल तर फोन करू नका, पोस्टानं कळवा. म्हणजे ते रविवारनंतर मिळेल. ऊन अजून तासभर आहे. माळ्यावरची पाहुण्यांची मोठी गादी काढतो आणि गच्चीवर पसरून येतो.