नुकरीच्या तोंडातलं लोखंड

आबा,

त्या सकाळी मी नुकरीला अंगणातल्या निंबाला बांधून मारलं. तुमच्याच चाबकानं, तुम्ही शिकवलं होतं तसं, पायांवर नाही, पुठ्ठ्यावर. हात भरून येईपर्यंत मारलं. मग लगाम धरून दोन हिसके दिले, खाली आणि मागे, तुम्ही द्यायचात तसेच. दुसऱ्या हिसक्याला तिच्या तोंडात काहीतरी कट्कन वाजलं. मला वाटलं, लगामाची कडी वाजली. ती लगेच उभी राहिली, मान खाली घालून, अगदी गरीब. फेसात थोडं लाल दिसत होतं. जीभ चावली असेल, असं मी मनाला सांगितलं आणि चाबूक खुंटीला अडकवला.

तुम्ही नुकरीला पाहिलं नाहीत. तुम्ही गेलात त्याला बावीस वर्षं झाली, आणि ही चौदा वर्षांची. हिच्या आजीला तुम्ही चालायला शिकवलंत. तिच्यासारखीच ही पांढरीशुभ्र, म्हणून हिलाही आम्ही नुकरीच म्हणत आलो. आमची पोरं हिच्या पोटाखालून रांगली. वरातीत पुढे डीजेच्या भिंती असतात, कानाशी फटाक्यांची माळ फुटते, दारू प्यालेली पोरं शेपटी ओढतात, आणि ही आपली पाऊल मोजून टाकत चाललेली. तापीच्या दोन्ही काठांवर लोक म्हणायचे, "आबाना घरनी घोडी, गाय शे गाय." शेती आपली इतरांसारखीच आहे. पण घोडीमुळे घराला नाव होतं, आणि ते नाव तुमचं होतं. मी ते फक्त सांभाळत होतो.

या चैत्रात ती बदलली. दाणा तोंडातून सांडू लागला. गवत चघळून त्याचे ओले बोळे खाली टाकायची. खरारा करताना गालाजवळ हात गेला की कान मागे पाडायची. एका लग्नात नवरदेव चढायच्या आधीच ती मागे मागे सरकायला लागली, चार माणसांना आवरेना. नवरदेवाचा मामा ओरडला, "आरे, हाई घोडी ते नवरदेवपेक्षा जास्ती लाजी ऱ्हायनी!" सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता लगामाचा पट्टा एक भोक आवळला. त्या रात्रीची वरात नीट पार पडली.

मग जो तो सांगू लागला. कोणी म्हणालं, नजर लागली. कोणी तिच्या अंगावरच्या भोवऱ्या नव्यानं तपासल्या, जणू चौदा वर्षांत त्या जागा बदलतात. शेजारचे अण्णा दबक्या आवाजात म्हणाले, "हिना आंगमा काहीतरी भरेल शे. कोनले बोलू नको. सारंगखेडानी जत्रामा इकी टाक." मी दत्ताच्या देवळात गेलो, नारळ फोडला, अंगारा आणला आणि तिच्या कपाळाला लावला. तिनं डोळे मिटून लावू दिला. तोंडापासून एक वीतभर वर माझा हात होता, आबा. आणखी खाली न्यायचं मला सुचलं नाही.

आणि ती सकाळ. दुपारची वरात होती. तुमची सून नेहमीसारखी तिचं डोकं धरून उभी होती, मी लगाम घेऊन आलो. लोखंड ओठाला लागलं आणि नुकरीनं डोकं असं फेकलं की सून पाण्याच्या दगडी डोणीवर जाऊन पडली. हात मनगटाच्या वर मोडला. खाली पडल्या पडल्या ती मला म्हणाली, "मारू नका तिले. आधी तिनं तोंड दखा." शेजाऱ्यांनी तिला गाडीत घालून तळोद्याला दवाखान्यात नेलं. मी गेलो नाही. मी मागे राहिलो, लगाम घातलाच, आणि मग मारलं.

दुसऱ्या दिवशी नुकरीनं पाण्यात तोंड घातलं आणि न पिताच बाहेर काढलं. प्लास्टर घातलेल्या हातानिशी तुमच्या सुनेनंच गुरांच्या डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर म्हणजे आमच्या मुलीच्या वयाची पोरगी. तिनं गुंगीचं इंजेक्शन दिलं, जबडा उघडला, बॅटरी आत धरली. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते, लगाम बसतो ती, तिथं हिरडी नव्हतीच. हाड उघडं पडलं होतं, काळं. जो वास आला तो मला ओळखीचा होता. महिनाभर तो तिच्या श्वासाला येत होता, आणि मी तो ओल्या कडब्याचा समजत होतो.

"हाड आधीच कुजलं होतं, काका. त्यात झटका बसला आणि जबडा तडकला."

"कधीपासून कुजलं असेल?"

"वर्ष तरी झालं असेल. जास्तच."

"मग एकदम आत्ताच कशी बिथरली?"

"आत्तापर्यंत सोसलं तिनं. आता सोसवेना." मग तिनं लगाम मागितला. तोंडात जाणाऱ्या दांडीवरचे चार काटे तिनं अंगठ्यानं चाचपले. "याला बंदी आहे. तुम्हाला माहीत नव्हतं का, यानं काय होतं ते?"

मी म्हणालो, "नाही हो ताई. आमच्या वडिलांपासून चालत आलेलं आहे."

तिनं लगाम माझ्या हातात परत दिला. तुमची सून माझ्याकडे बघत होती.

आबा, ते खोटं होतं. तुम्हालाच सांगतोय, कारण तुम्ही तिथं होतात. मी शाळा संपवून घरी बसलो होतो, तो दसरा. तुम्ही शस्त्रांच्या पूजेतून लगाम उचलून माझ्या हातात दिलात. हळदकुंकू अजून ओलं होतं, काट्यात झेंडूची पाकळी अडकली होती. तुम्ही म्हणालात, घोडी आता तू चालवायची. मला एवढा आनंद झाला की गोठ्यात जाऊन, कोणी नाही असं बघून, मी तो स्वतःच्या तोंडात धरला. घोडीला काय वाटतं ते बघायला. आणि एका हातानं वादी ओढली. थोडीशीच. जीभ फाटली. हनुवटीवरून रक्त गळत असताना मागे बघितलं तर तुम्ही दारात उभे. मला वाटलं, मार बसणार. तुम्ही हसलात. "आते समजनं? घोडी काबर हालस नही ते?" मग घरातून गुळाचा खडा आणून स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घातलात. तुम्ही मला असं भरवल्याचं दुसरं काहीच मला आठवत नाही. त्या गुळाला लोखंडाची चव होती. मी तो शेवटपर्यंत चघळला.

म्हणजे मला सगळं माहीत होतं. ज्यांना कधी कळलंच नाही, त्यांच्यातला मी नाही. मी तीस वर्षं दर वरातीआधी ते लोखंड फडक्यानं पुसलं, काट्यांना तेल लावलं आणि आधी हिच्या आईच्या, मग हिच्या तोंडात घातलं. पुठ्ठ्यावर थाप मारून म्हणालो, शहाणी माझी बाय. दर दसऱ्याला त्यावर फूल वाहिलं. लोक तिच्या गरीबपणाचं कौतुक करायचे तेव्हा मी देवाचे आभार मानायचो. ती गरीब होती का, हे मला आज सांगता येणार नाही. काटे नसलेल्या तोंडानं ती कशी चालली असती, ते मी कधी पाहिलंच नाही.

अकरा दिवस आम्ही पातळ कोंडा, गूळपाणी, नळीनं औषध, सगळं केलं. तुमची सून एका हातानं पातेलं धरायची. जिनं तिचा हात मोडला तिच्यासाठी ती रोज पहाटे कोंडा शिजवत होती, आणि माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मग पातळही जाईना. डॉक्टर म्हणाली, आता थांबवणं तुमच्या हातात आहे. सकाळची वेळ होती, ऊन निंबाच्या खाली आलं होतं. त्याच निंबाखाली. मी तिच्या गळ्यात नुसती सुती दोरी घातली. सुई टोचायच्या आधी तिनं कपाळ माझ्या छातीला टेकलं, लहानपणापासून टेकायची तसं. मी दत्ताचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि ते निघेना. नांगरलेल्या शेताच्या बांधाला तिला पुरलं. चौघांनी खड्डा खणला. पुरताना अण्णा म्हणाले, लगाम तिच्यासंगे ठेव. मी नाही म्हणालो. तिथं तरी तिला तो नको.

तेव्हापासून तो तुमच्या फोटोखालच्या खिळ्याला होता. रोज सकाळी तुम्हाला हात जोडताना डोळ्यांसमोर यायचा. देवळात मी या गोष्टीसाठी अजून माफी मागितलेली नाही. आधी तुमच्याशी बोलायला हवं, असं वाटत राहिलं. पण इतके महिने तुमच्याशीही बोललो नाही. तुम्ही असतात तरी हे तोंडानं बोललो नसतो. म्हणून शाळेत शिकलेल्या मराठीत लिहितोय, आणि हा कागद घडी करून पोथीत जाईल.

उद्या दसरा. तुमची सून ताटात विळा, कोयता, ट्रॅक्टरची चावी मांडत होती. लगामापुरती जागा तिनं रिकामी सोडली आणि आत गेली. मी तो पिशवीत घातला आणि लोहाराकडे गेलो. त्यानं हातात घेऊन तो वळवून पाहिला. त्याच्याच बापानं तो घडवला होता.

"हाई ते आबानी वस्तू शे, भाऊ. याना काय बनाडू?"

"काहीच नको. वळखू येवाले नको, बस."

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भाता लावला. लोखंड लाल झालं. पहिल्या घणाला दोन काटे बसले, दुसऱ्याला उरलेले. तो चपटा तुकडा गार होईपर्यंत मी उभा राहिलो, मग त्याच्याच भंगारात टाकून आलो. खिळा आता मोकळा आहे. घरून निघताना मी तुमचा फोटो भिंतीकडे फिरवून ठेवला होता, आबा. पन्नाशीला आलो तरी तुमच्या देखत पिशवी भरायची हिंमत झाली नाही. परत आल्यावर सरळ केला.