तेवीस किलोची बॅग

गारखेडा
रविवार, १४ सप्टेंबर, सकाळचे १०.४०

प्रिय बाबा,

आत्ता मी तुमची बॅग हुकाच्या काट्याला अडकवून उचलली. पंधरा किलो आठशे. तीनदा उचलली, तिन्ही वेळा तेच. म्हणून हे पत्र. आज तुम्हाला विचारल्याशिवाय मला घास जाणार नाही.

तुम्ही गेलात तो जूनमधला गुरुवार. शनिवारी तुमचं नैरोबीचं विमान होतं. बॅग बुधवारीच भरून, कुलूप लावून दाराआड उभी होती. आजही तशीच आहे. कुलपाचे आकडे कोणाला तरी सांगायचे होते हो! मी हजारच्या हजार आकडे लावून पाहिले असते, पण आई हात लावू देत नाही. "त्यांची बॅग तेच उघडतात," म्हणते. ते खरंच आहे. आल्यावर पलंगावर बॅग ठेवून तुम्ही स्वतः एकेक वस्तू काढायचात आणि आम्ही हात मागे बांधून बघायचो.

तेराव्याला पाहुण्यांसाठी जागा करताना मी ती सरकवली आणि हाताला हलकी लागली. रविवारी वजन केलं. तेवीसची एकवीस सहाशे झाली होती! काटा बिघडला असेल म्हणून वाण्याकडून पाच किलो पिठाची बंद पिशवी आणून लावली. काटा बरोबर होता. बॅग उलटी करून पाहिली. भोक नाही, मुंगी नाही, तेलाचा डाग नाही. पुढच्या रविवारी एकवीस. त्याच्या पुढच्या रविवारी वीस चारशे.

फुलंब्रीहून ताई आणि दाजी आले, तेव्हा त्यांना वजनांची वही दाखवली. ताई रडायलाच लागली. दाजी हसून म्हणाले, "सासूबाई, खरं सांगा, तुम्हीच खाताय ना गुपचूप?"

"मी खाल्लं असतं तर अंगाला लागलं असतं की, जावईबापू," आई म्हणाली. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत मागं सरकतात आता. पण दर रविवारी ती मला विचारते, "किती भरली रे?" आणि कमी झाली म्हटलं की दोन पोळ्या नीट जेवते.

बाबा, तुम्ही खाताय का?

चितेगावच्या कारखान्यात बाटल्यांना बूच बसवणारी मशीनं व्हायची, आणि ती ज्या देशात जातील तिथं जाऊन चालू करून द्यायचं काम तुमचं. केनिया, व्हिएतनाम, इजिप्त, पेरू. प्रत्येक ठिकाणी तीन महिने. आमच्या पावलांची मापं पेन्सिलीनं कागदावर काढून तुम्ही खिशात ठेवायचात. पेरूहून आणलेला बूट मला एक दिवस चावला नाही! रोज फोनवर मला दहा अवघड शब्द लिहायला घालायचात. अकरावीत मी कॉलेज सोडलं तेव्हा एवढंच म्हणालात, "शब्द चालू ठेवायचे ना?" एकदा तरी रागवायचं होतं, बाबा. मी तयारी करून बसलो होतो.

आणि निघताना दर वेळी तुमचं एकच वाक्य. "रोज एक चमचा चटणी. डबे संपले की घरी."

कधी चुकलं नाही ते. जिन्यात बॅगेतल्या रिकाम्या डब्यांचा खुळखुळाट व्हायचा आणि आई पदराला हात पुसत म्हणायची, "आले."

ह्या वेळचं खाणं सात किलो दोनशे होतं. शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, मेतकूट, भाजणी, शेव. मीच तोलून वहीत लिहिलं होतं. ते वजा केलं की बॅग, कपडे, हत्यारं आणि रिकामे डबे मिळून उरतात बरोबर पंधरा किलो आठशे.

आज उचलताना बॅग वाजली. इतके रविवार वाजली नव्हती. डबे खुळखुळले.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "आले?"

ती बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं आणि परत आत गेली. थोड्या वेळानं म्हणाली, "त्यांची उशी उन्हात टाक. आणि बारकी वांगी आण."

पुढच्या रविवारी सर्वपित्री अमावस्या आहे. आपल्याकडे पहिल्या वर्षी पान वाढत नाहीत, हे आईला पाठ आहे. पण ती पान वाढायचं म्हणतच नाही. ती तुमची चप्पल पुसून ठेवते आहे.

मला भीती वाटते, बाबा. तुमची नाही. पण येईल ते तुम्हीच असाल ना?

एक गोष्ट राहिली. बुधवारी बॅग तेवीस सहाशे भरली होती. "असू दे की रे," तुम्ही म्हणालात. "नियम तेवीसचा आहे," मी म्हणालो. तेव्हा बेसनाच्या लाडवांचा डबा काढून तुम्ही मुकाट्यानं माझ्या हातात दिलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही नव्हतात. सहाशे ग्रॅमसाठी अडून बसलो मी! डबा अजून फडताळात आहे. कोणी उघडलेला नाही.

तो मी आता तुमच्या बॅगेवर ठेवतो. तुमच्या खाण्याच्या बेतानं एक आठवडा जाईल. तेवढा मला द्या. तेवढ्यात धीर गोळा करतो. पुढच्या रविवारी काटा लावणार नाही. जिन्यात डबे वाजले, तर आईच्या आधी उठून दार मी उघडीन. हा माझा शब्द.

तुमचा,
श्रीपाद

बॅगेत भरलं : ७ किलो २००
संपलं : ७ किलो २००
माझ्याकडून देणं : ६०० ग्रॅम लाडू, डब्यासकट. आज दिले.

११.२५ वाजता : डबा वर बांधून पुन्हा उचलली. १६ किलो ४०० भरायला हवी होती. १६ किलो १०० भरली.