चहाला नाव न ठेवलेला दिवस

पप्पा, मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्पीवरून पडलात, त्या दिवशी डोक्याच्या आत काहीतरी बिघडलंय हे तुम्हाला कळलं होतं का? मी तेव्हा सहावीत होते. पोलिओच्या पायामुळे ओझं उचलायचं काम तुम्हाला कुणी देत नव्हतं, म्हणून तुम्ही गाळ्यात बसून फाटकी पोती शिवायचात. त्या दिवशी वरचं पोतं काढायला चढलात आणि डोक्यावर आपटलात. घरी सोडायला आलेला रिक्षावाला म्हणाला, यांचा तोल जातोय. आई म्हणाली, ते तसेच चालतात. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुम्हाला दोन पावलं चालायला लावलं, पायाकडे बघितलं आणि दुखण्याची गोळी दिली. मग आपल्या विश्रांतवाडीच्या खोलीत तुम्ही भिंतीला टेकून चहा प्यायलात. रोज आईच्या चहाला तुमचा काहीतरी टोमणा असायचाच, "पाणी छान गरम झालंय," असं. त्या दिवशी एक शब्द न बोलता कप रिकामा केलात. आई खूश झाली. दुसऱ्या सकाळी तुम्ही उठला नाहीत.

मी आता फिजिओथेरपिस्ट आहे. आपल्या घरातली पहिली पदवी आईने तुमच्या फोटोशेजारी लावली आहे. मी व्हीलचेअर बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींबरोबर काम करते. या खेळात खुर्च्या एकमेकींवर आदळतात, उलटतात, मुली खुर्चीसकट पडतात, कुणीतरी सरळ करतं आणि खेळ पुढे चालू होतो. पडण्याचं कुणाला काही वाटत नाही. वाटू द्यायचं नाही, असंच ठरलेलं आहे. पहिल्या आठवड्यात मी एकीची खुर्ची बाजूला सरकवायला गेले, तेव्हा तिने माझा हात झटकला. खुर्चीला न विचारता हात लावायचा नाही, तो आमच्या अंगाला हात लावल्यासारखाच असतो, असं तिने मला सुनावलं. ही आमच्या टीममधली सगळ्यात तेज मुलगी. जन्मापासून तिचे पाय आखडलेले आहेत आणि बोलणं जड, ओढल्यासारखं येतं. गाव आता शहराच्या हद्दीत आलेलं, तरी घरी शेती, आणि जिभेला धार. सामन्याआधी मी तिच्या बोटांना पट्ट्या बांधते तेव्हा ती म्हणते, "मॅडम, बोट हाय ते, पोतं न्हाय." तिला तुमच्याबद्दल काही माहीत नाही. तरी दर वेळी माझा हात क्षणभर थांबतो.

मागच्या रविवारी वाघोलीच्या एका कॉलेजात राज्याच्या संघाची निवड होती. संघात आली तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला अर्ज करता येणार होता, आणि पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला तिची खुर्ची मागे उलटली. डोकं फरशीवर आपटल्याचा आवाज मी बाकावरून ऐकला. दोघींनी तिला सरळ केलं, तिने हात वर करून ठीक आहे म्हणून खूण केली. मी धावत गेले. डोक्याला मार लागल्यावर करायची तपासणी मला पाठ आहे: एका पायावर उभं राहायला सांगा, बोलणं जड झालंय का बघा. आमचे प्रशिक्षक सर कडेला त्यांच्या व्हीलचेअरमध्ये होते, तेही जुने खेळाडू. म्हणाले, "अहो, तिला उभं राहता आलं असतं तर ती इथे कशाला आली असती? आणि बोलते ती अशीच. आज नव्याने भेटलात का?"

ते खरंच होतं. बोलणं तसंच होतं. मी तिची पट्टी सारखी करत विचारलं, दुखतंय का. ती म्हणाली, "नाही मॅडम. थँक्यू मॅडम."

वर्षभरात तिने मला कधी थँक्यू म्हटलं नव्हतं. मी सरांना तेच सांगितलं. "मग? संस्कार झाले असतील," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "समोर निवडीवाले बसलेत. नोकरी घालवाल तिची."

शिट्टी वाजणार होती. ती चाकांवर हात ठेवून वाट बघत होती, शांत, शहाण्या मुलीसारखी, आणि मला भिंतीला टेकून बसलेले तुम्ही दिसत होतात. मला शंका होती, खात्री नव्हती. मी तिला काही विचारलं नाही. तिच्या खुर्चीला मागून हात घातला आणि तिला कोर्टाबाहेर ढकलत नेलं. पंचांच्या टेबलावर सांगितलं, ही आता खेळणार नाही. ती ओरडली नाही, हात झटकला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

स्कॅन स्वच्छ आला. असा मार स्कॅनमध्ये दिसतोच असं नाही, विश्रांती द्या, डॉक्टर म्हणाले. तिची आई सांगते, चार दिवस तिला उजेड सोसत नव्हता. ती म्हणते, झोप झाली नव्हती. संघात तिचं नाव नाही. काल तिचा फोन आला. "डोकं माझं, खुर्ची माझी. तुमचं काय व्हतं त्यात, मॅडम?" तिचा तो जुना आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं, की उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

हे पत्र मी घरात ठेवणार नाही. आईला आता अक्षरं लावून वाचता येतं. आज सकाळी शेजारच्या काकू आल्या होत्या, आणि आईने त्यांना पुन्हा तेच सांगितलं, जे ती इतकी वर्षं सांगत आली आहे: "शेवटच्या दिवशी माझा चहा आवडला बघा त्यांना. नाव ठेवलं नाही." मग नेहमीसारखं माझ्याकडे बघितलं, हो ना गं, म्हणून. तुमच्या त्या गप्प राहण्याबद्दल रविवारपासून जे माझ्या तोंडापर्यंत येत होतं, ते मी गिळलं. "हो आई," मी म्हणाले, "मीपण प्यायले होते. छान झाला होता."

पप्पा, त्या चहाची चव मला आठवत नाही.