शेजारचा खजुराचा डबा

४ नोव्हें.
बाबा अजून पाहुण्यासारखे वागतात. आई गेल्यावर एकटे राहत होते, आग्रह करून मस्कतला आणलं. मी म्हणते इथेच राहा, ते म्हणतात बघू. परतीचं तिकीट १३ चं.
आज शेजारचे सालिम खजुराचा डबा घेऊन आले. बाबांनी दारातूनच हात जोडले. "नको." जज्ज असताना बदलीच्या गावात कुणाकडे साधा चहा घेतला नाही. रिटायर झाले तरी तेच! सालिमचा चेहरा उतरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

६ नोव्हें.
माझ्या लेकीला, ईराला शाळेत जुन्या काळच्या एका अमेरिकन न्यायाधीशावर बोलायचंय. आजोबांची अट, आधी मराठीत सांग.
"आजोबा, तो हॉर्सवर बसून कोर्ट घेऊन जायचा."
बाबा हसले! किती महिन्यांनी.
"आणि रात्री लॉयर्सबरोबर एकाच इनमध्ये राहायचा. एकाच टेबलवर जेवायचा."
"त्याच वकिलांबरोबर?"
"हो. आणि मॉर्निंगला त्यांनाच ओरडायचा."
बाबा जेवताना एकदम म्हणाले, "तुझ्या आईला माणसं लागायची."
 

९ नोव्हें.
ईराचं भाषण झकास. अंगात आजोबांचा काळा कोट, गुडघ्यापर्यंत.
संध्याकाळी बाबा म्हणाले, सालिमकडे जाऊन येऊ. मी उडालेच.
सालिम: "जज साब, हमारा कोई केस नहीं है. आराम से खाओ."
कहवा आला, इथली बिनदुधाची कॉफी. बाबांनी कप संपवला की पुन्हा भरलेला. पुरे झालं की कप हलवायचा असतो, मी सांगायलाच विसरले. आणि जन्मभर नको म्हणणाऱ्या माणसाला आज नाही म्हणवेना! शेवटी ईराने कप हलवून दाखवला. सालिम पोट धरून हसले, बाबाही. निघताना तोच खजुराचा डबा बाबांच्या हातात.
देवा, उपकार तुझे. आणि सालिमचे, त्यांनी मनात काही ठेवलं नाही.

११ नोव्हें.
डबा रिकामा कसा परत द्यायचा? बाबांनीच नारळाच्या वड्या करायला लावल्या, आईच्या पद्धतीने. कापल्या त्यांनी, वाकड्यातिकड्या.
सालिम खूश. शुक्रवारी बरक्याला, समुद्रकाठच्या आमच्या शेतावर या म्हणाले, ताजे मासे खाऊ. शुक्रवार म्हणजे १४. बाबा चक्क "इन्शाल्ला" म्हणाले.
घरी येऊन विचारलं, "बाबा, तिकिटाचं काय करू?"
चष्मा पुसत म्हणाले, "निकाल राखून ठेवलाय."
मी चहा टाकायला आत वळले. मागून हळूच ईराला विचारत होते, "बरका किती लांब आहे गं इथून?"