जनूभाऊंची तिसरी माफी

पेण, शुक्रवार

तीर्थरूप गुणाजीमामांस,

पेणहून दत्तात्रेयचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कारण कंबर धरल्यापासून प्रत्यक्ष वाकणं बंद आहे). आपला गुडघा आता जिना चढू देतो का? मामींनी पाठवलेलं कोकमाचं आगळ पोचलं, आणि बरणी परत करायची आहे हे माझ्या पूर्ण लक्षात आहे. इकडे सर्व ठीक. ठीक म्हणजे, गेल्या आठ दिवसांत आमच्या जनूभाऊंनी तीन वेळा माफी मागितली आणि चौथीही जवळजवळ त्याच भरात होऊन गेली. रोह्यात तुम्ही मोबाईलवर पाहिलं असेलच, पण मोबाईलवर दिसलं ते अर्धं. मी जागेवर हजर होतो, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

जनूभाऊ तुम्हाला ठाऊक आहेत. माजी सभापती, मूर्तिकारांच्या संघाचे तहहयात अध्यक्ष, वय त्र्याहत्तर. मी त्यांचा चिटणीस, निवेदक आणि माईक चालू आहे की बंद हे बघणारा. माणूस मनाचा वाईट नाही (पुराच्या वर्षी कमरेएवढ्या पाण्यातून घरोघर तांदूळ पोचवले होते), पण समोर माईक आला की जीभ पुढे जाते आणि ते मागून येतात.

तर इथून जवळच जोह्याला नम्रताच्या गणपतीच्या कारखान्यात नैरोबीहून एक बाई आली आहे. नाव वांजिरू. तिकडच्या कॉलेजात मातीकाम शिकवते, इथे तीन महिने शाडूचं काम शिकायला राहिली आहे. नम्रताने तिला थेट सोनीच्या हाताखाली दिलं. सोनी म्हणजे पलीकडच्या कातकरी वाडीवरची, गेली वीस वर्षं त्या कारखान्यातली माती तिच्याच हातून मळली जाते. दोघी दिवसभर गोणपाटावर बसून माती मळणार आणि बोलणार, त्यामुळे वांजिरूचं मराठी शुद्ध जोह्याचं झालं आहे. परवा मला म्हणाली, "दत्तूभाऊ, तुमची कंबर बरी हाय का नाय?" आपल्या पुण्याच्या सुनेला इतक्या वर्षांत हे जमलं नाही.

गेल्या गुरुवारी संघाच्या मेळाव्यात तिचा सत्कार ठेवला. जनूभाऊ उभे राहिले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "आज आपल्यामध्ये एक निग्रो भगिनी उपस्थित आहे, ही पेणची शान आहे!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आपल्या वेळच्या पुस्तकांत तोच शब्द होता, त्यामुळे अर्ध्या सभेला काही खटकलंच नाही. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून नम्रता उठली. म्हणाली, "भाऊ, हा शब्द आता नाय वापरत. माणसांना साखळ्या घालून विकायचे, त्या काळातला हाय तो." जनूभाऊ गोंधळले. "अगो, मी तर मानानं बोललो!" म्हणाले, आणि ते खरंच होतं, हीच तर पंचाईत.

चहा येईपर्यंत व्हिडिओ गावभर, आणि संध्याकाळपर्यंत मुंबईहून फोन. मामा, लोकांनी काय काय करावं! एका गटाने निषेधाचा फलक लावला, त्यात 'निषेध' असा काही लिहिला की पुढचे दोन तास वाद फक्त शुद्धलेखनावर चालला. दुसऱ्या गटाने 'भाऊ, आम्ही तुमच्या पाठीशी' असा फलक लावला, तो नेमका पहिल्याच्या पाठीशी आला आणि कोणालाच दिसेना. तिसऱ्या गटाचं म्हणणं एवढंच की आमच्या काकांचा सत्कार आधी का नाही केला.

माफी मागायचं ठरलं. पण कुठल्या शब्दात? शनिवारी संघाच्या कार्यालयात बैठक बसली. एक म्हणे कृष्णवर्णीय म्हणा, एक म्हणे परदेशी पाहुणी म्हणा. एक इतिहासप्रेमी गृहस्थ उठून म्हणाले, "हबशी म्हणा, जंजिऱ्याच्या इतिहासातला शब्द हाय!" त्यांना चहा देऊन खाली बसवलं. दीड तास खल झाला. तिलाच विचारावं हे एकालाही सुचलं नाही (मलाही नाही). शेवटी जनूभाऊ चिडून कागदाशिवायच बोलायला उभे राहिले. म्हणाले, "चूक झाली. अहो, रंगात काय आहे? आतून आपण सगळे गोरेच असतो!"

ही पहिली माफी. दुसरा व्हिडिओ पहिल्यापेक्षा जास्त चालला.

मग मी सुचवलं की सरळ नाव घ्या. सोमवारी गडबला हळदीकुंकवाचं निमंत्रण होतं, पेणपासून गडबपर्यंत गाडीत मी पाठ करून घेतलं. "वां-जि-रू." "वांजिरू." "पुन्हा." "वांजिरू." ड्रायव्हरलाही पाठ झालं. भाऊ माईकपुढे गेले, हात जोडले, आणि म्हणाले, "मी वंजारीताईंची माफी मागतो." दुपारी घाटावरून एका सद्गृहस्थांचा फोन आला. ताई मूळच्या कुठल्या, आडनाव काय, आणि घरचे स्थळं बघतायत का.

आता खरी गोष्ट. बुधवारी सकाळी जनूभाऊ मला म्हणाले, "दत्तू, माईक नको, फलक नको. मला तिच्यासमोर ने." जोह्याला गेलो. नम्रता मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होती, दोघी माती मळत होत्या. भाऊ स्टुलावर बसले. सुरुवात छान केली. चुकलो म्हणाले, शिकतोय म्हणाले. तिथे थांबायचं! पण आपण भेदभाव करत नाही हे दाखवायला सोनीकडे बोट करून म्हणाले, "बघा, ह्या कातवडणीत आणि तुमच्यात मी कधी फरक केला नाय."

सोनीचे हात मातीतच थांबले.

"भाऊ," ती म्हणाली, "तिची माफी तुम्ही तीनदा मागलीत. माझं नाव काय हाय?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे.

"वीस वर्सं मी हितंच हाय. तुम्ही येता, म्हणता, ए कातवडणी, पाणी आण. आणते. त्याचा कोण व्हिडिओ काढीत नाय."

मामा, त्या कारखान्यात दीडशे गणपती होते आणि सगळे आमच्याकडेच बघत होते. नम्रताचा ब्रश हवेत. एवढ्यात वांजिरूने सोनीला कोपराने ढोसलं आणि सोनीच्याच सुरात म्हणाली, "सांग गो तुझं नाव. त्यांना नावं यायला वेळ लागतो."

"सोनी. सोनी हिलम."

जनूभाऊंनी टोपी काढली. "सोनी हिलम," म्हणाले. स्पष्ट, एका झटक्यात. मग वांजिरूकडे वळले, मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "आणि वांजुरी." ती इतकी हसली की मातीच्या गोळ्यावर कलंडली, तिला उठवता उठवता सोनीही हसायला लागली. नम्रताच्या हातून एका गणपतीची भुवई कानापर्यंत गेली. भाऊ उठले, म्हणाले, आज पाणी मी आणतो. पण इतक्या वर्षांत माठ कुठे असतो हे त्यांनी पाहिलेलंच नव्हतं. बराच वेळ आत भांड्यांचा आवाज आला, आणि दोन्ही हातांनी पेला धरून बाहेर आले. सोनीने पेल्यात वाकून पाहिलं.

"ह्ये ब्रश धुयाचं हाय, भाऊ."

ही चौथी माफी. ती भाऊंनी हसत मागितली आणि तिने हसत घेतली. पण काल संघाच्या वहीत कारागिरांची नावं लिहिताना त्यांनी मला 'मजूर' खोडायला लावून सोनीचं पूर्ण नाव घालायला लावलं, तेव्हा हसत नव्हते.

असो. मामींना नमस्कार, गुडघ्याला जपा.

आपला भाचा,
दत्तात्रेय

ता. क. एक छोटंसं काम होतं. मेळाव्यातल्या भाषणाचा कागद नम्रताच्या हाती लागला आहे. चौथ्या ओळीत तो शब्द आहे, भाऊंनी तिथे थांबावं म्हणून खाली रेघही मारलेली आहे. ती रविवारी रोह्याला येते आहे आणि मला अक्षर तुम्हीच शिकवलंत हे तिला कळलं आहे. तेव्हा कागद पुढे केलाच, तर चष्मा सापडत नाही म्हणावं, किंवा हे अक्षर आमच्या दत्तूचं नव्हे असं म्हणावं.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी हे पत्र माझ्या बायकोने, हौसाने वाचलं. म्हणाली, "भाऊंनी चार वेळा माफी मागितली, कागद तुमचा आहे हे एकदाही बोलले नाहीत. आणि तुम्ही तरी घरी सोनीला काय म्हणता? 'नम्रताकडची ती'." तेव्हा वरचं खोडलेलं समजा. अक्षर माझंच आहे म्हणून सांगा, फक्त जरा हळू आवाजात. मी माझी स्वतःची माफी लिहायला घेतली आहे. तीन कागद वाया गेले, अजून दोन नावांपुढे गेलेलो नाही. तेवढी तपासून कळवा. वांजिरूतला रू दीर्घच ना? की हेही तिलाच विचारू?