कप्तान मोरे आणि हिरव्या चेहऱ्याची साक्ष

शॉमबर्ग, इलिनॉय
मंगळवार, ९ सप्टेंबर

ती. स्व. मृणालिनीआत्यास,

सिद्धेशचा साष्टांग नमस्कार. (टेबलाशी बसून लिहितो आहे, पण मनातून आडवाच आहे असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना बंद केला तरी तुम्ही दिवसातून दोनदा गच्चीवर जाता, असं आईकडून कळलं. कृपा करून एकदाच जा. नेत्राताईला नमस्कार. आम्ही इथे सगळे बरे आहोत. बाबांना थंडीची आतापासूनच काळजी लागली आहे, पण ती त्यांना जूनमध्येही असते.

हे पत्र मिहीरबरोबर पाठवतो आहे. तो आमच्या खालच्या मजल्यावर राहतो, आयटीत आहे, मूळचा तुमच्या नागपूरचाच, आणि शनिवारी निघतो आहे. त्याच्या बॅगेत आधीच तीन घरांची व्हिटॅमिनं आणि कुणाच्या तरी मिक्सरचं भांडं आहे, त्यामुळे मला फक्त पातळ पत्राची परवानगी मिळाली. म्हणून मी कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहितो आहे. फोनवर हे सांगता येण्यासारखं नाही, कारण फोनवर तुम्ही "हो का, बरं" म्हणता आणि नेत्राताईच्या हातात देता.

आत्या, मी अडचणीत आहे. नोकरी शाबूत आहे. (किराणा दुकानात डाळींच्या पाकिटांवर लेबलं लावतो आणि ऑर्डरी घरपोच देतो. मालकांनी लिहिलेलं 'शेंगदाने' मी न विचारता दुरुस्त केलं. त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.) पण नोकरीपलीकडे मला इथे एकच मानाचं काम मिळालं आहे, आणि ते २१ तारखेच्या रविवारी माझ्याच चुकीमुळे जाईल अशी मला भीती वाटते. व्हिसा आला तेव्हा डिप्लोमाचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून मला यावं लागलं, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हापासून कुणी माझं मत विचारलं नव्हतं. या माणसानं विचारलं.

माणूस म्हणजे डॉक्टर चंद्रशेखरकाका. वय शहात्तर, निवृत्त रेडिऑलॉजिस्ट, पन्नास वर्षांपूर्वी सोलापूरहून आलेले. मार्चमध्ये मी त्यांच्याकडे वीस पौंडांचं तांदळाचं पोतं घेऊन गेलो. शुभाकाकूंनी (त्यांच्या पत्नी, चिवडा उत्तम, प्रश्न फार) ते तळघरात नेऊन ठेवायला सांगितलं. मी जिना उतरलो आणि समोर भिंतीएवढ्या पडद्यावर कप्तान मोरे उभा होता.

तुम्हाला आठवत असेल. 'ध्रुवयान सत्तावीस' नावाचं ते जपानी कार्टून, हिंदीत बोलणारं. मे महिन्याच्या सुट्टीत मी वर्ध्याहून तुमच्याकडे यायचो, आणि रोज दुपारी चारला मी आणि नेत्राताई ते बघायचो. कप्तानाचं खरं नाव मोरीशिता, पण आम्ही त्याला मोरे म्हणायचो, आणि तुम्ही एकदा विचारलं होतंत की हा मोरे कुठला, अमरावतीचा का. तोच मोरे. मी पोतं खाली ठेवायचं विसरलो. काका वळून म्हणाले, "ओळखतोस का याला?" मी म्हणालो, माझ्या लहानपणचा आहे. ते म्हणाले, माझ्या मुलाच्याही. (मुलगा निमिष, आता सिॲटलला. तो पाच वर्षांचा असताना काका नाइट ड्यूटी करून सकाळी सहाला घरी यायचे आणि दोघं दूध पीत हे कार्टून बघायचे. आता काका त्याला साफ केलेल्या चौकटी पाठवतात आणि तो लिहितो, "डॅड, इट लुक्स फाइन." काकांना 'फाइन' या शब्दाचा राग आहे.)

आता काम काय ते सांगतो. हे कार्टून १९७९ सालचं. कंपनी बुडाली, मूळ फिल्म कुठे गेली कुणाला माहीत नाही. इथल्या एका बंद पडलेल्या टीव्ही स्टेशनच्या गोदामात जुनी रिळं सापडली, आणि जगभरातले अकरा हौशी लोक ती आपापल्या घरी बसून साफ करताहेत; काका त्यांतले एक. एका सेकंदात चोवीस चौकटी, आणि प्रत्येक चौकटीवर धूळ, ओरखडे, बुरशी. कुणी सांगितलेलं नाही, कुणी शाबासकी देणार नाही. काकांनी मला एक चौकट दाखवली आणि काय दिसतं ते विचारलं. मला नुसता काळोख दिसला. ते म्हणाले, थांब, बघत राहा. आत्या, मिनिटभरानं त्या काळोखातून तारे यायला लागले. सुईच्या टोकाएवढे, लहानमोठे, काही निळसर. मी त्रेसष्ट मोजले. कुणीतरी काळ्या पुठ्ठ्याला सुईनं एकेक भोक पाडून मागे दिवा लावला होता. आपल्याकडे केबलवर त्या आकाशात कायम पाऊस पडायचा. (आम्ही दोघांनी ठरवलं होतं की अंतराळात पाऊस असतो. मी शाळेत तसं उत्तरही लिहिलं होतं.) पाऊस नव्हताच. इतकी वर्षं पडद्यावरच्या त्या मुंग्यांमागे हे त्रेसष्ट तारे होते आणि मी ते पाहिले नव्हते. माझ्या अंगावर काटा आला. अजून येतो.

काका म्हणाले, "तीस वर्षं मी छातीच्या फोटोत ठिपके शोधले. ठिपका सापडला की कुणाला तरी वाईट बातमी द्यायची. इथे ठिपका म्हणजे धूळ तरी, नाहीतर तारा. कुठला कोण, एवढंच ठरवायचं." त्यांना सोबत कुणी नव्हतं. मी दर रविवारी दुपारी जाऊ लागलो. पहिल्या महिन्यात मी चुकून चार तारे पुसले. ते त्यांनी न बोलता परत आणले.

अडचण रंगांची. ती रिळं जुनी होऊन सगळी गुलाबी पडली आहेत. मूळ रंग कुठला हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, म्हणून लोक आठवणींवर जातात. एप्रिलमध्ये काकांनी मला विचारलं, शेवटच्या भागात कप्तान हारूला (ती लहान वैमानिक मुलगी) "मी परत येईन" म्हणतो, तेव्हा त्याचा चेहरा कसा होता? मी लगेच म्हणालो, हिरवा.

कारण तो हिरवाच होता, आत्या. कप्तान खोटं बोलला की हिरवा व्हायचा, हे मला आणि नेत्राताईला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. डावीकडे उभा असला की खरं बोलायचा. चालत उजवीकडे गेला की चेहरा हिरवा पडायचा आणि आम्ही ओरडायचो, थापा मारतोय. तेव्हा "परत येईन" ही थाप होती. नेत्राताई त्या दिवशी जेवली नव्हती. मी हे सगळं काकांना नीट, तारीखवार सांगितलं. ते फार प्रभावित झाले. म्हणाले, रंगातून माणसाचं खोटं दाखवायचं म्हणजे केवढा मोठा विचार. त्यांनी ते बाकीच्या दहा जणांना कळवलं. वाद झाला. फिनलंडचे एक गृहस्थ म्हणाले की हे अशक्य आहे. काकांनी लिहिलं की आमच्याकडे प्रत्यक्ष साक्षीदार आहे. (म्हणजे मी.) ते गृहस्थ रागावून मंडळ सोडून गेले. त्यानंतर मी चार महिने बसून अठ्ठेचाळीस सेकंद, म्हणजे अकराशे बावन्न चौकटी, हातानं हिरव्या केल्या. इतकं नीट काम मी आयुष्यात केलेलं नाही. २१ तारखेला हा शेवटचा भाग जगभर सगळ्यांना बघायला मिळणार आहे.

आणि काल जेवताना मी आईला हे कौतुकानं सांगत होतो, तर आई आमटी वाढता वाढता म्हणाली, "अरे, नागपूरच्या त्या टीव्हीत तर बातम्या देणारी बाईसुद्धा उजव्या गालानं हिरवी होती."

मला जेवण गेलं नाही. आतोबांनी स्वतः बनवून भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेले ते मोठे स्पीकर मला आठवले. एक डावीकडे खिडकीजवळ लांब, आणि दुसरा टीव्हीच्या कोनाड्याला उजवीकडून अगदी चिकटून. आई म्हणते, लोहचुंबकानं रंग बिघडला होता आणि आतोबांसमोर ते बोलायची कुणाची हिंमत नव्हती. मला मात्र कुणी कधी सांगितलं नाही. क्रिकेटमध्ये काही फलंदाज हिरवे दिसायचे, ते मला वाटायचं आऊट होणार म्हणून.

आता रविवारी मी काकांना काय सांगू? सांगितलं तर ते मला परत बोलावणार नाहीत. न सांगितलं तर माझ्यामुळे एक भला माणूस जगभर खोटारडा ठरेल (मी कप्तानाबद्दल म्हणतो आहे). उत्तर मिहीरच्या हाती पाठवू नका, तो महिनाभर राहणार आहे. तब्येतीला जपा.

आपला,
सिद्धेश

ता. क. खरं कारण वर लिहायचं राहिलं. एक विनंती आहे. कोऱ्या कागदावर, तारीख आणि सही घालून, एवढंच लिहून नेत्राताईच्या फोनवरून फोटो पाठवाल का: "आमच्या घरचा टीव्ही निर्दोष होता." काका कागदाला मानतात. आतोबा असते तर त्यांनी हे आनंदानं लिहून दिलं असतं.

ता. क. २ (रविवार, १४ सप्टेंबर). मिहीरची फ्लाइट कॅन्सल झाली, आता २० ला निघतो, म्हणून पाकीट पुन्हा उघडलं. वरची विनंती कृपया रद्द समजावी. मी आज सांगून टाकलं. तळघरात शिरल्याबरोबर, चप्पल काढायच्या आत. काकांनी पडद्यावरची चौकट मोठी करून पुन्हा पाहिली. काकूंनी वरून चहाला हाक मारली. मग काकांनी विचारलं, "स्पीकर किती इंची होता?" मी म्हणालो, माहीत नाही, मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. ते म्हणाले, हिरवा काढ, सगळा, तुझ्या हातानं, आणि फिनलंडला माफीचं पत्र तू लिही, तुझं स्पेलिंग चांगलं आहे. मी विचारलं, पुढच्या रविवारी येऊ का. ते म्हणाले, अकराशे बावन्न चौकटी आहेत, रोज ये.

ता. क. ३ (शुक्रवार, १९ सप्टेंबर). काम संपलं. दुकानातून सुटलो की रोज थेट तिकडेच जात होतो. आत्या, हिरव्याखाली काय होतं सांगतो. "मी परत येईन" म्हणताना त्याची खालची पापणी थरथरते. फक्त सहा चौकटी, पाव सेकंद. कुणीतरी ती पापणी सहा वेळा वेगवेगळी काढली आहे, एवढ्या लहान पडद्यावर कुणाला दिसणार नाही हे माहीत असूनही. तो खोटं बोलत नव्हता, घाबरला होता. काकांनाही ते आधी दिसलं नव्हतं. आम्ही दोघं बराच वेळ बघत बसलो, मग त्यांनी निमिषला त्या सहा चौकटी पाठवल्या. त्याचं उत्तर आलं, "व्हाय डिडन्ट वी सी दिस?" काका ते दोनदा वाचून म्हणाले, 'फाइन' लिहिलं नाही. फिनलंडचे गृहस्थ परत आले आहेत आणि मला 'सर' म्हणतात.

ता. क. ४. आता खरोखरची विनंती, आणि ही काकांची आहे. त्यांचं म्हणणं असं की दोन मुलांनी एक अख्खी गोष्ट हिरव्या कप्तानासकट पाहिली, रडली आणि एक जेवलीही नाही; तेव्हा तीही एक आवृत्ती झाली, आणि तिची एक प्रत ठेवायला हवी. तिला 'नागपूर प्रत' म्हणायचं ठरलं आहे. पण अंदाजानं रंग द्यायला ते आता तयार नाहीत. तरी नेत्राताईला टेप घेऊन उभं करून उजव्या स्पीकरच्या खिळ्यांच्या भोकांपासून टीव्हीच्या कोनाड्यापर्यंतचं अंतर मोजून कळवावं, इंचात; त्यावरून हिरवा किती पसरायचा ते काका काढणार आहेत. आई म्हणाली की दिवाळीसाठी तुम्ही हॉलचं रंगकाम काढलं आहे आणि रंगारी सोमवारी (मिहीर रविवारी रात्री पोचतो) भोकं बुजवणार आहेत. त्यांना मंगळवारी यायला सांगा.